इझॅनाची बाहुली, मार्थाचे हात

पुलाच्या मध्यावर थांबा. थंडी कडाक्याची आहे, पण कोट घट्ट लपेटून क्षणभर खाली वाकून बघा. साल 1858, गाव पॉटकेट, आणि पायाखाली कोसळतेय ती ब्लॅकस्टोन नदी. पुलाचं एक टोक मॅसॅच्युसेट्स राज्यात आहे, दुसरं ऱ्होड आयलंडमध्ये. अजून चार वर्षांनी सीमा सरकेल आणि दोन्ही तीर ऱ्होड आयलंडचे होतील. वरच्या अंगाला काठावर दिसतेय ती सॅम्युएल स्लेटरची लाकडी गिरणी, 1793 सालची. पाण्याच्या जोरावर सूत कातणारी, व्यवस्थित चाललेली अमेरिकेतली ही पहिली गिरणी. तिच्यामागोमाग या खोऱ्यात गिरण्यांची रांगच लागली.

गिरणीच्या दारावरून जाताना कापसाचे तंतू तुमच्या बाहीवर येऊन बसतील. हा कापूस दक्षिणेतल्या मळ्यांतून आलाय, गुलामांच्या हातांनी वेचलेला. आणि त्याच गुलामांच्या अंगावर चढणारं जाडंभरडं कापडही ऱ्होड आयलंडच्याच गिरण्या विणतात. आपण एका बाहुलीला भेटायला निघालो आहोत, आणि तिच्या पोटात कापूस आहे. तो कुठून आला हे ठाऊक असू द्या, मग आत चला.

घर डॉक्टर व्हीटन यांचं. त्यांची मुलगी मार्था सात वर्षांची आहे. पुढे ती लग्न करून मार्था चेस होईल आणि बाहुल्यांच्या इतिहासात याच नावानं ओळखली जाईल. आत्ता मात्र ती घरात कुठेतरी हुंदडतेय आणि तिची बाहुली पलंगावर पडलीय. असं सांगतात, की ही बाहुली शेजारच्या सेंट्रल फॉल्स गावच्या इझॅना वॉकर नावाच्या बाईंच्या हातची. मार्था यायच्या आत उचलून घ्या. दोन्ही हातांनी.

वजन जाणवलं? चिंध्यांच्या बाहुलीपेक्षा जड, चिनी मातीच्या बाहुलीपेक्षा हलकी. उंची साधारण हातभर. आता चेहऱ्यावर अंगठा फिरवा. तैलरंगाचा गुळगुळीत थर लागतो, पण गालावर जरा दाबलं की तो आत जातो आणि अंगठा उचलला की परत वर येतो. रंगवलेला चेहरा असा दबतो, याचं नवल वाटून तुम्ही पुन्हा दाबून बघाल. केस रंगवलेलेच आहेत. कडेला कुंचल्याचे फटकारे इतके बारीक, की केस कुठे संपले आणि कपाळ कुठे सुरू झालं ते कळू नये. कानांपुढे दोन लांब कुरळ्या बटा सोडल्यात. कान मात्र रंगवलेले नाहीत, वेगळे शिवून लावलेत. हाताचा पंजा उघडून बघा. बोटं टाके घालून वेगळी केलीत. पावलं उघडी आहेत आणि त्यांच्यावरही टाक्यांनी पाडलेली बोटं आहेत. तोंड मिटलेलं, नजर सरळ तुमच्यावर. ती हसत नाही. मला या बाहुल्यांचं हेच फार आवडतं. त्या मुलीला खूश करायला धडपडत नाहीत, शांतपणे सोबत करतात.

याच काळातल्या सुखवस्तू घरांत आणखी एक बाहुली असते, ती काचेच्या कपाटात. जर्मनीहून आलेलं चकचकीत चिनी मातीचं डोकं, काळेभोर केस, गुलाबी गाल. सणासुदीला बाहेर काढायची, मोठ्यांच्या देखरेखीत हात लावायचा आणि परत ठेवायची. डोकं फुटलं की खेळ संपला. कागदाच्या लगद्याचं डोकं जरा टणक निघतं. फिलाडेल्फियाच्या लुडविग ग्राइनर यांनी याच वर्षी तशा डोक्यासाठी पेटंट घेतलंय. पण लगद्याला पाणी सोसत नाही आणि कुशीत घेतलं तर तो टोचतो. आपल्याकडच्या लाकडी ठकीनं हा प्रश्न तिच्या परीनं सोडवलाय. हातपाय अंगालगत कोरलेले, तुटायला बाहेर काही नाहीच. पण ठकीलाही कुशीत घेऊन झोपता येत नाही.

मार्थाच्या बाहुलीला येतं. ती पलंगावरून पडते, पायरीवर आपटते, एखाद्या रागावलेल्या दिवशी भिंतीवर फेकली जाते आणि रात्री पुन्हा गालाशी येते. मुलीचे हात त्या बाहुलीवर वर्षानुवर्षं फिरतात. नाकाचा रंग आधी जातो, कोपराशी रंगाला बारीक चिरा पडतात, मानेची शिवण कुठे ताणते. सात वर्षांच्या मुलीला हे सगळं ठाऊक असतं. तिला ते कुणी विचारत नाही आणि ती कुणाला सांगत नाही, पण हातांना माहीत असतं. हे मी मुद्दाम ठासून सांगतेय, कारण पुढची सगळी गोष्ट या माहितीची आहे. बाहुली जिथे होती तिथे ठेवा आणि निघा.

पंधरा वर्षं पुढे. 1873 चा नोव्हेंबर, सेंट्रल फॉल्स. नदी तीच, जरा वरच्या अंगाला. घरात शिरताच खळीचा वास येईल, आणि त्यात मिसळलेला जवसाच्या तेलाचा. इझॅना वॉकर छप्पन्न वर्षांच्या आहेत, अविवाहित, सुताराची हत्यारं सहज हाताळणाऱ्या. या महिन्याच्या 4 तारखेला अमेरिकन सरकारनं त्यांना चिंध्यांच्या बाहुल्या बनवण्याच्या सुधारित पद्धतीचं पेटंट दिलंय, क्रमांक 1,44,373. बाहुल्या त्या कितीतरी आधीपासून करत आल्यात. कागद आत्ता हातात आला.

त्यांच्या घराण्यात एक आठवण सांगतात. विणीच्या कापडावर रंग दिला की तो तडकायचा आणि पोपडे निघायचे. यावर उपाय सापडेना. एका रात्री त्या अंथरुणात ताडकन उठून बसल्या, कारण कुणीतरी कानात सांगितलं होतं, खळ वापर. स्वप्न खरं होतं की खोटं याच्याशी मला देणंघेणं नाही. ज्यानं हातानं काही घडवलंय त्याला ठाऊक असतं, की अडलेलं काम रात्रीही डोक्यात चालूच राहतं.

आता टेबलाशी या आणि त्या काय करतात ते बघा. आधी स्वस्तातल्या कापडाचे तुकडे खळीत भिजवून एकावर एक रचायचे. ती चवड दोन साच्यांच्या मध्ये ठेवून दाबायची. एका साच्यात चेहऱ्याचा उंचवटा, दुसऱ्यात त्याचा खोलगट जोड. वाळल्यावर साचा उघडला की कापडाचा कडक चेहरा हातात येतो, धोतराला चढलेल्या खळीपेक्षा किती तरी कडक. इथवर कुणीही येईल. खरी करामत पुढे आहे. या कडक चेहऱ्यावर त्या पिंजलेल्या कापसाचा पातळ थर पसरतात, त्यावर बनियनच्या जातीचं विणीचं कापड ताणून बसवतात आणि सगळं पुन्हा साच्यात घालून दाबतात. म्हणजे आत टणक कवच, मध्ये मऊ गादी आणि वर ताणलं जाणारं कापड. मघाशी गालावर अंगठा दाबला तेव्हा तो आत का गेला, ते आता कळलं.

पुढची आणि मागची अशी दोन अर्धी तयार झाली की मध्ये लाकडाचा आधार घालून भराव भरायचा आणि दोन्ही बाजू शिवून, चिकटवून टाकायच्या. वरून पुन्हा खळीचा हात. मग तैलरंग. पेटंटच्या अर्जात इझॅनाबाईंनी आपल्या बाहुलीचे गुण मांडलेत ते आईच्या नजरेतून: स्वस्त पडते, स्वच्छ ठेवता येते, आणि लहान मूल तिच्यावर पडलं तरी त्याला लागत नाही. बाहुली पडली तर काय, हा प्रश्न सगळ्या कारागिरांना पडतो. मूल बाहुलीवर पडलं तर काय, हा फार थोड्यांना पडतो.

इझॅना वॉकर 1888 साली गेल्या.

त्यानंतर साधारण वर्षभरानं पुन्हा पॉटकेटमध्ये या, पार्क प्लेस नावाच्या रस्त्यावरच्या एका घरात. मार्था आता अडतिशीची आहे, डॉक्टर ज्युलियन चेस यांची बायको, आणि घर मुलाबाळांनी भरलेलं आहे. दुकानांतून युरोपच्या बाहुल्या ओसंडून वाहतायत. फ्रान्सच्या आणि जर्मनीच्या, चिनी मातीच्या चेहऱ्यांच्या, काचेच्या डोळ्यांच्या, रेशमी झगे घातलेल्या. सुंदर आहेत यात शंका नाही. पण डॉक्टरांच्या घरात वाढलेली आणि डॉक्टरांच्याच घरात आलेली ही बाई त्यांच्याकडे बघते तेव्हा तिला दिसतात मुलांच्या हातात फुटणारे चेहरे, तोंडात जाणारी धूळ, आणि धुता न येणारे केस. आणि तिच्या आठवणीत एक बाहुली आहे जिच्यात यातलं काहीच नव्हतं.

म्हणून ती स्वतः करायला बसते. स्वतःच्या मुलांसाठी, शेजारच्या मुलांसाठी. विकायचा विचार अजून डोक्यात नाही.

तुम्ही शेजारी बसा आणि तिच्या हातांकडे बघा. साच्यातून काढलेल्या मुखवट्यावर ती विणीचं कापड ताणते. नाक, ओठ, पापण्या यांचे उंचसखल भाग कापडातून वर उठेपर्यंत बोटांनी दाबत राहते. हे घाईनं होत नाही. कापड एका बाजूला जरा जास्त ओढलं गेलं की तोंड वाकडं होतं, मग सगळं सोडवून पुन्हा. नंतर सरसाचा हात, तो पुरता वाळल्यावर रंगाचा, असा की कापडाची वीण बुजली पाहिजे पण पूर्ण लपता कामा नये. कान वेगळे करून लावायचे. अंगठाही वेगळा शिवून पंजाला जोडायचा, कारण मूल बाहुलीचा हात धरतं ते अंगठ्यापाशी. केसांचा रंग ती जाडसर चढवते, कुंचल्याच्या रेघा राहू देत, म्हणजे बोटाला केसांसारखे लागतात. इझॅनाबाईंच्या त्या तलम कडा इथे नाहीत, कानापुढच्या बटाही गेल्या. मार्थाची बाहुली 1889 मधल्या अमेरिकन मुलासारखी दिसते. गुटगुटीत, आखूड केसांची, नुकतीच अंगणातून आत आल्यासारखी. सांधे मात्र तिनं वाढवलेत. खांदा, कोपर, कंबर, गुडघा, सगळीकडे शिवणीचा सांधा, म्हणजे बाहुली बसते आणि वाकते.

इथे मला थांबून एक म्हणायचंय. आवडत्या बाहुलीवरून नवी बाहुली करणं म्हणजे जुनीची नक्कल, असं लोक समजतात. मार्थानं काय घेतलं आणि काय सोडलं ते बघा. टणक पण दबणारा चेहरा घेतला, तैलरंग घेतला, धुता येण्याचा गुण घेतला. चेहरेपट्टी सोडली, केशरचना सोडली. म्हणजे जे डोळ्यांना आवडलं होतं ते तिनं बदललं, आणि जे कुशीत घेताना कळलं होतं ते तसंच ठेवलं. लहानपणी मन लावून खेळलेल्या माणसालाच ही निवड करता येते असं माझं ठाम मत आहे. कारखानदार नमुना विकत आणतो आणि उसवून बघतो. त्याला टाके कळतात. पण झोपेत गालाखाली आलेली बाहुली टोचते की नाही, हे त्याला कसं कळावं?

आता गाडी पकडा. बॉस्टन सुमारे 60 किलोमीटरवर आहे, आणि तिथे वॉशिंग्टन स्ट्रीटवर जॉर्डन मार्श नावाचं भलंमोठं दुकान. मार्थाच्या हातात स्वतः केलेली एक बाहुली आहे, कारण तिला त्या पावलांच्या मापाचे बूट हवेत. बुटांचं माप घ्यायला बाहुली काउंटरवर ठेवली जाते. दुकानातल्या माणसाची नजर बुटांवरून सरकून बाहुलीवर जाते, आणि तो विचारतो ही कुठून आणलीत. मीच केली म्हटल्यावर तो आणखी करून द्या म्हणतो. चेस बाहुल्यांचा धंदा असा सुरू झाला, असं कायम सांगितलं जातं.

घराच्या मागच्या इमारतीत कारखाना उभा राहतो. कारखाना म्हणायचं एवढंच, आत सगळं काम हाताचं. 1905 च्या आसपास दार लोटून आत या. दोऱ्यांवर, काठ्यांवर, खिळ्यांवर डोकी वाळत लावलीत, कुणाला अजून डोळे नाहीत, कुणाचे फक्त ओठ झालेत. बायका बसून पापण्या रंगवतायत. पापणीचा एकेक केस ओल्या रंगात ओढायचा आणि हात थरथरला तर पुसून पहिल्यापासून. एका फळीवर ॲलिस आहे, वंडरलँडमधली, आणि तिच्या गोतावळ्यातली मंडळी. दुसरीकडे डिकन्सच्या कादंबऱ्यांतली पात्रं. जॉर्ज वॉशिंग्टनही आहेत. आणि एका बाजूला काळ्या दाईच्या आणि काळ्या पोरांच्या बाहुल्या, गोऱ्या गिऱ्हाइकांच्या मनातलं चित्र जसंच्या तसं उचललेल्या. मुलांना काय टोचेल याचा एवढा बारीक विचार करणाऱ्या या हातांना हे टोचलं नाही, याचं मला वाईट वाटतं. गिरणीच्या दाराशी बाहीला चिकटलेला तो कापूस आठवा.

बाहुली हातात घ्या आणि उलटसुलट करून बघा. कारखान्याचा शिक्का बहुतेक कमरेवर किंवा काखेखाली सापडेल. इथल्या काही बाहुल्या ओल्या फडक्यानं पुसता येतात, पुढे तर आंघोळ घालता येईल अशाही निघाल्या. बाहुलीला आंघोळ घालता येणं ही मुलांच्या दृष्टीनं केवढी मोठी गोष्ट आहे, ते कुठल्याही आईला विचारा. आपल्याला घालतात तशी, साबण लावून, डोळ्यांत जाणार नाही असा हात धरून.

याच आंघोळीपायी गोष्ट भलतीकडे वळते. 1911. तुम्ही कनेक्टिकट राज्यातल्या हार्टफर्ड हॉस्पिटलमध्ये आहात, नर्सेसच्या शाळेत. मुख्य आहेत लॉडर सदरलँड. त्यांच्या विद्यार्थिनींना रुग्णाला कुशीवर वळवणं, उचलणं, पलंगावरची चादर रुग्ण न उठवता बदलणं शिकायचंय, आणि सरावाला आहे पेंढा भरलेला एक ओबडधोबड पुतळा. त्याचा हात वर केला तर तसाच राहतो. पाणी लावता येत नाही. सदरलँडबाई मार्था चेसला विचारतात: मोठ्या माणसाच्या मापाची बाहुली कराल का? जिचे सांधे हलतील, जिला पुसता येईल, अशी?

ती येते तेव्हा तुम्ही वॉर्डातच आहात. उंची सुमारे 5 फूट 4 इंच. चेहरा ओळखीचा, ते रंगवलेले केस, तो शांत, न हसणारा चेहरा. फक्त आता तो उशीवर आहे आणि गळ्यापर्यंत चादर ओढलीय. मुली तिला मिसेस चेस म्हणू लागतात आणि हेच नाव पुढे पिढ्यान्‌पिढ्या टिकतं. पहिल्या वर्षाची एखादी मुलगी तुम्हाला म्हणेल, जरा त्या बाजूनं धरा. तुम्ही खांद्याखाली हात घाला, ती कमरेखाली घालेल. एक हात बाहुलीच्या मानेला हवा, नाहीतर डोकं मागे पडेल. हे तुम्ही कधीतरी शिकला होता. कुणाही बाहुलीला उचलताना आपण मान धरतोच.

आज पुण्या-मुंबईच्या नर्सिंग कॉलेजातल्या मुली ज्या प्लास्टिकच्या पुतळ्यावर कॅथेटर घालायला, इंजेक्शन द्यायला शिकतात, तो याच बाईच्या वंशातला आहे. मार्थानं तान्ह्या बाळाच्या मापाच्या बाहुल्याही केल्या, बाळाला न्हाऊमाखू कसं घालायचं ते शिकवायला. पण मला त्याहून मोठं वाटतं ते 1911 नंतरच्या तीन वर्षांत घडलेलं. मिसेस चेसवर हात चालवणाऱ्यांना तिच्यात काय कमी आहे ते कळू लागलं. चादर बदलता येत होती, पुसता येत होतं. पण सुई टोचायची कुठे? पोटाच्या आतले उपचार करायचे कसे? 1914 मध्ये पॉटकेटहून नवी मिसेस चेस आली. तिच्या दंडावर इंजेक्शन देण्यासाठी खास जागा होती आणि पोटात पाणी साठवायची टाकी बसवलेली होती.

मार्था चेस तेव्हा त्रेसष्ट वर्षांच्या होत्या. आणखी अकरा वर्षं, 1925 पर्यंत, त्या जगल्या. घरामागच्या इमारतीत मोठ्या आणि लहान बाहुल्या शेजारी शेजारी वाळत राहिल्या, आणि दोन्हींचे अंगठे वेगळे शिवून जोडलेले होते.